बाण म्हणजे माणूस

सेवांचे आराखडे काढणं हे माझं पोटापाण्याचं काम. ओपीडी असो, बँकेचं काउंटर असो, कोण काय करतो, काय कुणाच्या हातात जातं आणि कुठे अडतं ते कागदावर मांडायचं. आयबीएमच्या अल्माडेन संशोधन केंद्रात जिम स्पोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात या अभ्यासाला ‘सेवाशास्त्र’ म्हणून उभं केलं. माझी शिकवणी मात्र बरीचशी कल्याणजवळच्या शहाडला झाली.

१. चौकोन नंतर, आधी बाण बघा.

एका रुग्णालयाने मला त्यांचा तयार तक्ता दिला होता. नोंदणी, डॉक्टर, एक्स-रे, औषधं. चौकोन नीटनेटके, मधे बाण. प्रत्यक्षात केसपेपर खिडकीपासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत जायचा तो वॉर्डातल्या मामांच्या हातून. मामा चहाला गेले की अख्खी ओपीडी खोळंबायची. एक्स-रे घेऊन परत वर चढायचं काम तर पेशंटच्या नातेवाइकाचं, आणि ते तक्त्यात कुठेच नव्हतं. चौकोनात पदं लिहिलेली असतात. राबणारी माणसं बाणात असतात. तेव्हापासून प्रत्येक बाणावर मी एकच प्रश्न लिहितो : नेतो कोण?

२. गिऱ्हाईकही कामाला असतं.

स्टीफन वार्गो आणि रॉबर्ट लश या अभ्यासकांनी २००४ साली हे ठासून मांडलं. सेवेचं मोल देणारा एकटा घडवत नाही, घेणाराही त्यात राबतो. मुंबईच्या डबेवाल्यांचंच बघा. झाकणावरच्या खुणांचं (कुठलं स्टेशन, कुठली इमारत, कितवा मजला) सगळे कौतुक करतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० साली त्यांच्यावर केस लिहिली. मला त्यांची शिस्त दुसऱ्याच जागी दिसते. डबा ठरल्या वेळी भरून तयार हवा, आणि वारंवार उशीर करणारं घर ते सोडून देतात. लोकल कुणासाठी थांबत नाही, मग डबेवाला कसा थांबणार? सकाळी पोळ्या लाटणारं माणूस या व्यवस्थेतला पहिला कामगार आहे, बिनपगारी. त्याला वगळून काढलेला आराखडा अर्धाच. आपल्याकडच्या सरकारी खिडक्यांचे आराखडे याच कारणाने फसतात, असं माझं मत. झेरॉक्स काढायला तीन वेळा पळणारा अर्जदार त्यांत दिसतच नाही.

३. हद्द आखताना शेजारी बघा.

शहाड स्टेशनबाहेर शेअर रिक्षा लागतात. वेळापत्रक नाही, पाटी नाही. तीन सीटा भरल्या की सुटणार, एवढाच नियम. म्हणजे आधी येऊन बसलेला माणूस स्वतःचा वेळ घालून रिक्षा स्वस्तात चालवतो. कुरकुरतो, पण बसतो. आता तिसरी सीट कधी भरणार, हे रिक्षावाल्याच्या हातात नसतं, कसारा लोकलच्या हातात असतं. कल्याणला रूळ फुटतात, एक फाटा कर्जतकडे, दुसरा कसाऱ्याकडे. कसाऱ्याच्या फाट्यावर शहाड पहिलंच, आणि कल्याणच्या मानाने इथे गाड्या मोजक्या. एखादी रद्द झाली की आधी रिक्षांची रांग लागते, पुढची आली की माणसांची. स्टँडचा आराखडा स्टँडपुरता काढला तर या दोन्ही रांगांचं कारण कागदावर सापडणार नाही. रिक्षावाल्याला मात्र ते पाठ असतं. पुलावर गर्दी दिसली की तो बिडी विझवून मीटरजवळची फडकी झटकतो.

४. पडद्यामागचंही मांडा.

लिन शोस्टॅक यांनी १९८४ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त सेवेचा आराखडा कसा काढावा हे समजावताना उदाहरण घेतलं ते चक्क बूट पॉलिशचं! ब्रश, पॉलिश, चकाकी, पैसे. प्रत्येक पायरीला लागणारा वेळ, आणि चूक होण्याची जागा म्हणजे भलत्याच रंगाचं पॉलिश. मधे एक रेघ. रेघेच्या वर गिऱ्हाइकाला दिसतं ते, खाली पॉलिश विकत आणण्यासारखी न दिसणारी कामं. आपल्या फलाटावर पेटीवर ब्रश ठोकणारा पॉलिशवाला रोज हेच करतो, तेही पुढची लोकल यायच्या आत. मोठ्या कंपन्यांचे जाडजूड अहवाल वाचण्याआधी हा एक लेख वाचावा.

५. कोपऱ्यात तारीख घाला.

सोमवारचा आराखडा मेगाब्लॉकच्या रविवारी चालत नाही. यूपीआय आल्यावर सुट्ट्या पैशांची हुज्जत ही स्टँडवरची अख्खी पायरी जवळजवळ गळून गेली, आणि तिच्या जागी ‘पैसे आले का?’ म्हणून मोबाइलकडे बघत थांबणं आलं. तुमच्या भिंतीवर एखादा फ्रेम केलेला आराखडा लटकत असेल, तर तो उतरवा आणि खिडकीवरच्या माणसाच्या हातात लाल पेन देऊन त्याला खोडायला सांगा.