आधी कार्ड बाबांच्या हातात दे

पोरी, रविवारी तुझ्या बाबांना घेऊन बाहेर जेवायला जाणार आहात असं कळलं. निघण्याआधी आत्याचं थोडं ऐकून घे.

मागच्या खेपेला मीही तुमच्याबरोबर होते. वेटरने पाणी ठेवलं आणि टेबलावर चिकटवलेल्या क्यूआर कोडच्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाकडे बोट दाखवून तो निघून गेला. तुम्ही मुलांनी दोन मिनिटांत ठरवून टाकलं. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन लांब धरला, मग जवळ आणला. दोन बोटांनी अक्षरं मोठी केली तर किंमत बाजूला सरकून दिसेनाशी झाली. मागे यायला गेले तर यादी पुन्हा सूपपासून सुरू. तेवढ्यात स्क्रीन काळी पडली. तिसऱ्यांदा असं झाल्यावर त्यांनी फोन पालथा ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही मागवाल त्यातलंच खाईन मी." पुढे शेजारच्या टेबलावर गरम कोथिंबीर वडी गेली, तेव्हा ते तिकडे बघत राहिले. वडी त्या यादीत होती, पण पार खाली. बाबा तिथवर पोचलेच नाहीत आणि आपल्यापैकी कुणी ती वाचून दाखवली नाही. ते मला अजून लागून राहिलंय.

म्हणून बसल्याबरोबर, कुणाचाही फोन बाहेर निघायच्या आत, वेटरला सांग, "एक मेनू कार्ड आणून द्या." "कार्ड आहे का?" असं विचारू नकोस, त्यावर "नाही" म्हणणं सोपं असतं. बऱ्याचदा गल्ल्यावर एखादं जुनं कार्ड असतंच. दर बदललेले असतील तरी चालेल, पदार्थ तर कळतात. नवे दर वेटरकडून विचारून घे. कार्ड नसलंच तर अडायला नको, म्हणून आदल्या रात्रीच घरी हॉटेलचा मेनू फोनवर उघड आणि बाबांच्या आवडीचे आठ-दहा पदार्थ किमतीसकट कागदावर ठळक अक्षरांत उतरवून ठेव.

किंमत लिहायला विसरू नकोस. आमच्या पिढीने मेनू उजवीकडून वाचला. आधी दर, मग पदार्थ. राईस प्लेट परवडते का ते बघून मगच बसायचं, अशी वर्षं आम्ही काढली आहेत. तुझे बाबा मुलांदेखत "हे केवढ्याला?" असं कधीच विचारणार नाहीत, किंमत कळली नाही तर पदार्थच सोडून देतील. कागदावर ती त्यांची त्यांना दिसते, कुणाला कळतही नाही.

टेबलावरचा तो चौकोन मुळात माणसांच्या जेवणासाठी नव्हताच. जपानमध्ये डेन्सो वेव्ह कंपनीत मासाहिरो हारा यांनी 1994 मध्ये तो तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद यंत्राला झटपट वाचता यावी म्हणून. 2020 मध्ये करोनामुळे हातोहात फिरणाऱ्या कार्डांची भीती वाटली आणि तो टेबलावर आला. तेव्हा ते योग्यच होतं. भीती गेली, चौकोन मात्र राहिला, कारण दर वाढवले की कार्डं पुन्हा छापावी लागत नाहीत. हॉटेलवाल्याची सोय मला कळते, पण त्यासाठी म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवू नये.

फोनवरच बघायची वेळ आली तर एक सांभाळ. पदार्थ दिसायच्या आधीच नाव आणि मोबाइल नंबर मागितला, तर देऊ नकोस. नंबरासाठी गिऱ्हाइकाची अडवणूक करू नका, असं ग्राहक व्यवहार खात्याने 2023 मध्ये दुकानदारांना बजावलं होतं. आपल्याला फक्त जेवायचं आहे. स्टिकरवरून अंगठा फिरवून बघ, त्यावर दुसरा चिकटवलेला वाटला तर स्कॅन करू नकोस. आणि मेनू बघताना यूपीआयचा पिन कुणी मागितला तर तिथेच थांब. पिन घातला की खात्यातून पैसे जातात, यादी बघायला तो कधीच लागत नाही. बाबांनाही हे नीट समजावून सांग.

कार्ड आलं की आधी बाबांच्या हातात दे. त्यांना उजेडाच्या बाजूला बसव. लगेच "काय घेणार?" असं विचारू नकोस. ते पहिल्या पानापासून पार चहा-कॉफीपर्यंत वाचतात, वाचू दे. वेटर आला तर पाच मिनिटांनी या म्हण. आणि त्यांचा जवळचा चष्मा टीव्हीशेजारच्या डब्यात असतो, निघताना तो तुझ्या पर्समध्ये टाक. त्यांच्या लक्षात राहत नाही.