गोल्फच्या १४ क्लबची अट खरी आहे का?

प्रश्न : वय ४०, उंची ५ फूट ४ इंच. कामानिमित्त पुण्याला नेहमी जाणे होते, तेव्हा तेथेच गोल्फ शिकण्याचा विचार आहे. मात्र १४ क्लबचा पूर्ण संच घेतल्याशिवाय सुरुवात करता येत नाही, असे सांगितले जाते. हे खरे आहे का?
— एक वाचक, भिंगार, जि. अहिल्यानगर

उत्तर : पत्रलेखकांनी निश्चिंत राहावे. १४ हा आकडा फेरीत सोबत नेता येणाऱ्या क्लबची कमाल मर्यादा सांगतो. किमान संख्येचा नियमच नाही. हिरवळीवर चेंडू होलकडे ढकलणारा पटर, वाळूतून चेंडू काढणारा सँड वेज, पिचिंग वेज, ७ व ९ क्रमांकांचे आयर्न आणि लांब पल्ल्यासाठी एक हायब्रिड एवढे क्लब शिकताना पुरतात. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब दांड्याचा क्लब, नवशिक्याला आवरणे अवघड जाते, म्हणून त्याची खरेदी लांबवणेच शहाणपणाचे. घ्यायचाच झाल्यास त्याचा लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या मुखाचा मागे झुकलेला कोन, १०.५ अंशांहून कमी नसावा, कारण कोन कमी असला की चेंडू पुरेसा उचलला जात नाही आणि बाजूला वळण्याची शक्यताही वाढते.

आयर्न 'कॅव्हिटी बॅक' प्रकारचे, म्हणजे पाठीमागे पोकळी ठेवून वजन कडांकडे नेलेले असावेत. त्यांत फटका मध्यावर न बसला तरी नुकसान कमी होते. दांड्याची लांबी केवळ उंचीवरून ठरवू नये, मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतरही मोजून घ्यावे. वापरलेला संच घेण्यात कमीपणा मुळीच नाही, मात्र मुठीचे रबर कडक झालेले नाही आणि मुखावरील खाचा झिजलेल्या नाहीत, हे पाहावे. येरवड्याच्या पूना गोल्फ क्लबसारख्या ठिकाणी प्रवेशाचे नियम आधी विचारावेत, पहिले काही धडे प्रशिक्षकाच्या क्लबवर घेता येतात का तेही पाहावे, आणि खरेदी त्यानंतरच करावी.