पाण्याच्या झोतावर चालणारी बोट

होडी तुम्ही पाहिली आहे. होडी वल्ह्याने चालते, नाही तर शिडाने चालते. तिला मागे सुकाणू असते. सुकाणू फिरवले की होडी वळते.

इंजिनच्या बोटीला पाण्याखाली पंखा असतो. पंखा फिरतो आणि बोट पुढे जाते.

पण एक बोट अशी आहे, की तिला वल्हे नाही, शीड नाही, बाहेर पंखा नाही. मग ती चालते कशी?

शेतावरचा पाण्याचा पंप आठवा. पंप जोरात चालू आहे आणि पाइपाचे तोंड तुमच्या हातात आहे. पाणी पुढे उडते आणि पाइप तुम्हांला मागे रेटतो. होय ना? तोच जोर या बोटीत कामी आणला आहे. बोटीच्या पोटात पंप असतो. तो खालून पाणी ओढतो आणि मागच्या तोटीतून जोराने फेकतो. पाणी मागे जाते, बोट पुढे जाते. हिला जेट बोट म्हणतात. जेट म्हणजे झोत.

न्यूझीलंड देशात विल्यम हॅमिल्टन नावाचे शेतकरी होते. तिकडच्या नद्या उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या. तिथे बोटीचा पंखा गोट्यांवर आपटे. म्हणून १९५४ च्या सुमारास हॅमिल्टन यांनी उथळ पाण्यात चालणारी जेट बोट तयार केली. एव्हरेस्ट चढणारे एडमंड हिलरी १९७७ साली अशाच बोटी घेऊन आपल्या गंगेतून वर गेले. गंगासागराहून निघून ते पार नंदप्रयागपर्यंत पोचले.

कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यावर पाण्यावरची स्कूटर दिसते. तीही याच जातीची. ती चालवणाऱ्याने एक गोष्ट पक्की जाणली पाहिजे.

हँडल फिरवले की मागची तोटी फिरते. झोत डावीकडे गेला, की बोटीची मागची बाजू उजवीकडे ढकलली जाते आणि तोंड डावीकडे वळते. म्हणजे झोत हेच हिचे सुकाणू. आता सांगा, रेस सोडली तर काय होईल? झोत बंद पडेल. मग हँडल कितीही फिरवा, बोट सरळच जाणार!

इथेच घात होतो. समोर होडी किंवा पोहणारा माणूस दिसला, की नवखा माणूस घाबरून रेस सोडतो आणि हँडल फिरवतो. बोट वळत नाही. पाण्यावर ती लांबवर घसरत जाते आणि आदळते. काही नव्या बोटींत यावर थोडी सोय असते. पण तिच्या भरवशावर राहू नये.

ताशी ६० किलोमीटर वेगाने बोट एका सेकंदात सुमारे ५५ फूट जाते. म्हणून वेग लांबूनच कमी करा. वळताना थोडी रेस चालू ठेवा. आधी मोकळ्या पाण्यात, जाणत्या माणसाबरोबर, हे वळण पुन्हा पुन्हा गिरवा. हात तयार झाला म्हणजे ऐन वेळी मन गोंधळत नाही.

आणखी हे लक्षात ठेवा:

१. लाइफ जॅकेट घाला. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधा. तुम्ही पडलात, की इंजिन थांबेल.

२. निदान ३ फूट पाणी असेल तिथेच इंजिन चालू करा. नाही तर पंप वाळू आणि खडे ओढील.

३. खालच्या जाळीत शेवाळ किंवा दोरी अडकली, तर आधी इंजिन बंद करा. मगच हात घाला. मोकळे केस आणि सैल पदर जाळीपासून दूर ठेवा.

४. समोरासमोर बोट आली, तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळावे.

उत्तरे सांगा:

जेट बोटीचे सुकाणू कोणते? रेस सोडल्यावर ती का वळत नाही? समोर माणूस दिसला तर तुम्ही काय कराल?