जुन्या मोटारीस विद्युत पंखा : जोडणीचे शास्त्र आणि पथ्ये

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनापासून जी उष्णता निर्माण होते, तिचा सुमारे पाव ते एक-तृतीयांश भागच चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेल्या उष्णतेपैकी काही धुरावाटे बाहेर पडते आणि बरीचशी रेडिएटरमधील पाण्याच्या द्वारे हवेत सोडून द्यावी लागते. हे काम नीट झाले नाही, तर पाणी उकळते, हेड गॅस्केट जळते, प्रसंगी सिलिंडर-हेडच वाकडे होते. प्राथमिक आरोग्य केंद्राकडे रुग्ण घेऊन निघालेली जीप घाटाच्या चढावर वाफा सोडीत उभी राहिली, तर प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही. या कारणाने अनेक वाहनधारक जुन्या मोटारीस विजेवर चालणारा पंखा बसवून घेतात. मात्र चुकीच्या पद्धतीने केलेली जोडणी मूळ दोषापेक्षाही घातक ठरते. यास्तव तिचे शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

१५ वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपुष्टात येऊ लागल्याने कार्यालयांच्या जुन्या जीपगाड्या आता मागे पडल्या आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सीचाही ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिकृतपणे निरोप झाला. तथापि शेतकऱ्यांच्या जीपगाड्या आणि हौसेने जतन केलेल्या मोटारी आजही वापरात आहेत. मोटार मेकॅनिकच्या प्रशिक्षणार्थींनाही विद्युत मंडलाचे मूलभूत नियम शिकविण्यास यापेक्षा सोपे उदाहरण मिळणे कठीण.

पट्ट्याच्या पंख्याची मर्यादा

पद्मिनी, अँबॅसडर किंवा जुनी जीप यांचा पंखा पाण्याच्या पंपाच्या दांड्यावर बसविलेला असून तो पट्ट्याने फिरतो. त्याची गती इंजिनाच्या गतीशी बांधलेली असते. गाडी गर्दीत उभी असताना इंजिन मंद चालते, त्यामुळे वाऱ्याची गरज सर्वाधिक असते नेमका तेव्हाच पंखाही मंद फिरतो. उलटपक्षी, गाडी मोकळ्या रस्त्यावर धावू लागली की समोरून येणारा वारा बहुधा पुरेसा असतो, तरी पंखा वेगाने फिरून शक्ती खर्च करीत राहतो. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे गती दुप्पट झाली की शक्ती आठपट लागते. विद्युत पंखा इंजिनाच्या गतीवर अवलंबून नसतो. पाणी तापले की तो सुरू होतो आणि निवले की थांबतो. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या मारुती ८०० या मोटारीत इंजिन आडवे बसविलेले असल्याने विद्युत पंख्याचीच योजना होती.

आधी रोगाचे निदान

इंजिन तापते म्हणून लगेच पंखा बदलणे योग्य नव्हे. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साठलेले असणे, थर्मोस्टॅट अडकलेला असणे, पट्टा ढिला असणे, रेडिएटरच्या झाकणाचे रबर झिजलेले असणे, ठिणगीची वेळ चुकलेली असणे यांपैकी कोणताही दोष असेल, तर नवा पंखा तो झाकून टाकील, दूर करणार नाही. महामार्गावर वेगाने जातानाही इंजिन तापत असेल, तर दोष बहुधा पंख्याचा नसतो. गर्दीत तापते आणि वेग येताच निवते, अशा वेळी मात्र वाऱ्याची उणीव आहे असे मानण्यास आधार मिळतो.

वीज पुरेल काय?

मध्यम आकाराचा १२ व्होल्टचा पंखा सुमारे १५० वॅटचा असतो. म्हणजे त्याला १२.५ अँपिअर प्रवाह लागतो. रात्री हेडलाइटला सुमारे ९, मागील व डॅशबोर्डच्या दिव्यांना २ ते ३, इग्निशनला ३ ते ४ आणि पावसात वायपरला सुमारे ३ अँपिअर धरले, तर पंख्याखेरीजचीच बेरीज १७ ते १९ होते. पंखा मिळवला की ती ३० च्या घरात जाते. जुन्या मोटारीतील डायनॅमो कमाल २० अँपिअरच्या आसपास देतो आणि इंजिन मंद असताना जवळजवळ काहीच देत नाही. अशा गाडीला हा पंखा लावला, तर गर्दीत उभे असताना बॅटरी उतरू लागेल. तेव्हा प्रथम पुरेशा क्षमतेचा अल्टरनेटर बसवावा. काही जुन्या परदेशी बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असते. त्यांची जोडणी निराळी असल्याने ही गोष्ट आरंभीच तपासावी.

जोडणीची रचना

पंखा थेट डॅशबोर्डवरील स्विचने चालविणे हा सर्वांत धोक्याचा मार्ग होय. जुने स्विच व त्यांच्या बारीक तारा इतका प्रवाह वाहण्यासाठी केलेल्या नसतात. त्या तापतात व वितळतात. यासाठी मध्ये रिले ठेवतात. रिले म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युतचुंबकीय स्विच. त्याच्या वेटोळ्याला अँपिअरच्या पाव भागाहूनही कमी प्रवाह पुरतो.

चार टोकांच्या रिलेवर ३०, ८५, ८६ व ८७ असे आकडे कोरलेले असतात. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली जाड तार फ्यूजमधून ३० या टोकास जोडावी. ८७ या टोकापासून पंख्याच्या धन तारेला जोड द्यावा आणि पंख्याची ऋण तार रंग खरवडून स्वच्छ केलेल्या चासीला घट्ट बोल्टने बसवावी. इग्निशन चालू असतानाच वीज येते अशा ठिकाणाहून लहान फ्यूजमधून ८६ ला तार न्यावी. ८५ ची तार तापमान-स्विचमार्गे अर्थ करावी. पाणी तापले की स्विच ८५ ला अर्थशी जोडतो, रिले खेचला जातो आणि पंखा सुरू होतो.

तापमान-स्विचला समांतर असा एक साधा स्विच डॅशबोर्डवर ठेवावा. तापमान-स्विच बिघडला, तर चालकाला तो हाताने दाबून घर गाठता येते. यातून केवळ वेटोळ्याचाच प्रवाह जात असल्याने बारीक तार चालते. ८७ आणि अर्थ यांच्यामध्ये लहान दिवा लावल्यास पंख्याला वीज मिळत आहे हे चालकाला समजते.

तार आणि फ्यूज

सुरक्षिततेसाठी प्रवाह १५ अँपिअर व तारेची लांबी ३ मीटर धरू. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०२ ओहम असतो. तीन मीटरला ०.०६ ओहम. यात ०.९ व्होल्टची घट होईल आणि तारही तापेल. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ही घट सुमारे ०.३६ व्होल्ट, तर ४ च्या तारेत ०.२३ व्होल्टच्या आसपास राहते. म्हणून २.५ पेक्षा बारीक तार घेऊ नये. ४ ची घेतल्यास उत्तम.

फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो हे ध्यानी ठेवावे. तो बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आत बसवावा. कारण बॅटरी व फ्यूज यांमधील तार असंरक्षितच राहते. पंखा सुरू होताना क्षणभर दोन ते तीनपट प्रवाह लागतो, म्हणून २.५ च्या तारेस २० अँपिअरचा फ्यूज योग्य. फ्यूज उडाला म्हणून सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद किंवा तांब्याची तार घालण्याची प्रथा अत्यंत धोक्याची आहे. शॉर्ट झाल्यास बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह सोडते, तारेचे आवरण काही क्षणांत पेटते आणि जवळच पेट्रोलची नळी असते. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक तारेला रबरी ग्रोमेट बसविल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये.

स्विच आणि पंख्याची जागा

जुन्या इंजिनातील थर्मोस्टॅट साधारण ८२ अंश सेल्सियसला उघडू लागतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात बसविलेला स्विच सुमारे ९२ अंशांस जोडणारा व ८७ अंशांस तोडणारा असावा. तो थर्मोस्टॅटच्या अंशापेक्षा खाली जोडू लागला, तर पंखा सतत चालत राहील. रेडिएटरच्या खालच्या भागात पाणी निवलेले असल्याने तेथे कमी अंशांचा स्विच लागतो. एका टोकाचा स्विच आपल्या आट्यांतून अर्थ मिळवितो. रेडिएटर रबरावर टेकलेला असेल, तर त्याला वेगळी अर्थ तार द्यावी, अन्यथा पंखा कधीच सुरू होणार नाही.

पंखा रेडिएटरच्या नळ्यांतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून बांधू नये. कंपनाने नळ्या घासून फुटतात. लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीवर तो बसवावा. मागे बसविलेला पंखा हवा ओढणारा आणि पुढे बसविलेला ढकलणारा असावा. जुना पंखा काढला, तरी पट्टा काढावयाचा नाही. पाण्याचा पंप व अल्टरनेटर त्याच्याच आधारे फिरतात.

चाचणी

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार सोडावी आणि सर्वांत शेवटी जोडावी. इग्निशन चालू करून तापमान-स्विचची तार अर्थला लावताच पंखा फिरला पाहिजे. पंखा चालू असताना बॅटरीच्या टोकांवरील आणि पंख्याच्या टोकांवरील व्होल्टेज मोजावे. फरक अर्ध्या व्होल्टहून अधिक असल्यास एखादा जोड किंवा अर्थ सदोष आहे. नंतर इंजिन मंद ठेवून पंखा आपोआप सुरू व बंद होतो की नाही हे पाहावे. शेवटी हेडलाइट व वायपरही चालू करून बॅटरीचे व्होल्टेज पाहावे. ते १२.६ च्या खाली उतरत गेले, तर अल्टरनेटर अपुरा आहे असे निश्चित समजावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडणे टाळावे. दाबाखालील पाणी १०० अंशांहून अधिक तापलेले असते, आणि झाकण निघताच ते उसळून चेहरा भाजतो.

या कामास लागणारे साहित्य थोडे आहे. रिले, फ्यूज, चांगली तार, एक स्विच. त्यामागील गणित शाळेत शिकविला जाणारा ओहमचा नियमच होय. शिक्षकांनी तो फळ्यावरून गाडीच्या बॉनेटखाली आणला, तर विद्यार्थ्याला तो चांगला उमजेल. आणि गावातील कारागिराने प्रवाह मोजून मगच तार निवडण्याची शिस्त अंगी बाणविली, तर पाण्याचे उकळणे आणि तारांचे पेटणे हे दोन्ही अपघात टळतील.