जुन्या मोटारगाडीचें पत्रेकाम

मुंबई शहराची ओळख होऊन बसलेली काळी-पिवळी ‘पद्मिनी’ टॅक्सी ता. ३० आक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उठली. टॅक्सीला तेथें वीस वर्षांची वयोमर्यादा आहे, आणि या जातीची शेवटची टॅक्सी २००३ सालीं नोंदली गेली होती. ही गाडी आराखड्यानें परकी, पण घडणीनें आपल्याच मुलखांतली. सोलापुरास १८८२ सालीं जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर आटोमोबाइल्स ही कंपनी काढिली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यांत १९५४ पासून इटलीच्या फियाट कंपनीची ‘११००’ ही गाडी तयार होऊं लागली, आणि तिच्याच पुढील रूपास १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. टॅक्सी गेल्या, तरी खाजगी मालकांच्या फियाट अद्यापि महाराष्ट्रांत आहेत. कोणी वडिलांची आठवण म्हणून, कोणी केवळ हौसेनें त्या पुन्हा उभ्या करून घेतात. अशा गाडीचें यंत्र दुरुस्त करणें एक वेळ सोपें. खरा प्रश्न पत्र्याचा असतो. गंजानें खाल्लेला भाग कापून काढावयाचा, आणि बाजारांत तयार मिळत नाहीं असा पत्रा हातानें घडवून त्या जागीं बसवावयाचा, या एकाच कामाचा विचार आम्ही येथें करणार आहों.

आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ पालकांस ‘पत्रे ठोकणें’ हा अभ्यासांत मागें पडलेल्या मुलाचा धंदा वाटतो. तो समज कितपत बरोबर आहे, हें पुढील विवेचन वाचून त्यांनींच ठरवावें.

प्रथम गंज म्हणजे काय तें पाहूं. लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु या तिहींचा संयोग होऊन जो तांबूस भुगा तयार होतो तो गंज. तिहींपैकीं एक वगळा, म्हणजे गंज चढत नाहीं. तेलांत बुडविलेला खिळा वर्षानुवर्षें जसाचा तसा राहतो तो यामुळेंच. पाण्यांत मीठ असल्यास ही क्रिया फार जलद होते. कारण गंजणें ही मुळांत विद्युत्-रासायनिक क्रिया आहे, आणि खारें पाणी विजेचें अधिक चांगलें वाहक आहे. ॲल्युमिनियमचाही प्राणवायूशीं संयोग होतो, परंतु त्याचा थर पातळ व घट्ट असून खालच्या धातूचें रक्षण करितो. लोखंडाचा गंज मूळ धातूहून कितीतरी अधिक फुगतो, ठिसूळ होऊन गळून पडतो आणि खालचें ताजें लोखंड पुन्हा उघडें करितो. दिल्लीस मेहरौली येथें असलेला लोहस्तंभ सुमारें सोळाशें वर्षें उभा आहे. कानपूरच्या आय. आय. टी. मधील डॉ. बालसुब्रमण्यम् यांनीं त्याचें कारण असें दाखविलें कीं, त्या लोखंडांत फॉस्फरसचें प्रमाण अधिक असल्यामुळें त्यावर एक संरक्षक पापुद्रा धरलेला आहे. मोटारीच्या पत्र्यास हें भाग्य लाभलेलें नाहीं. त्याची जाडी एक मिलिमीटरच्या आंतबाहेर, आणि त्याचें सारें रक्षण रंगावर अवलंबून!

मुंबईंतील गाडी समुद्राच्या खाऱ्या हवेनें खाल्ली जाते. परभणीची हवा वर्षांतील बरेच महिने कोरडी असते, तेव्हां येथील गाडीस भय नाहीं, असें कोणास वाटेल. परंतु आपली काळी जमीन पाणी धरून ठेवण्यांत पटाईत आहे. हा गुण कापसास व ज्वारीस उपकारक, पत्र्यास मात्र घातक. पावसाळ्यांत चाकांवरील कमानींत बसलेला चिखल कोणी खरवडून काढला नाहीं, तर पाऊस थांबल्यावरही तेथें ओल टिकते. दारांच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं लहान भोंकें ठेवलेलीं असतात. तीं धुळीनें बुजलीं कीं दार म्हणजे पाण्याचा हौदच झाला. गंज नेहमीं आंतून बाहेर येतो. रंगावर जेथें लहानशी पुळी दिसते, तेथें आंतला पत्रा बहुधा संपत आलेला असतो.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे दारांखालील उंबरठा. येथें पत्र्याची एक लांब, पोकळ पेटी असते. आपण ज्या एस. टी. तून जिंतूर, सेलू किंवा गंगाखेडास जातों, तिची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी असते व बॉडी वेगळी असते. चिकलठाण्याच्या एस. टी. कार्यशाळेंत जुन्या चासींवर नव्या पोलादी बॉडी बांधल्या गेल्या आहेत, त्या याच कारणानें शक्य झाल्या. फियाट ११०० ची गोष्ट निराळी. तिला स्वतंत्र चासीच नाहीं; तळाचा पत्रा, उंबरठे, खांब व छप्पर हीं एकमेकांस जोडून त्यांचाच सांगाडा बनलेला आहे. तेव्हां उंबरठा गंजला म्हणजे कातडें नव्हे, हाडच कुजलें असें समजावें.

येथेंच कारागिराच्या सचोटीची परीक्षा होते. गंजलेल्या भोंकावर जाळी ठेवून, वरून लांबी भरून, घांसून रंग दिला, तर दोन दिवसांत गाडी आरशासारखी चमकते. असा उंबरठा अपघाताच्या वेळीं आंत बसलेल्या माणसांचें कांहींएक रक्षण करीत नाहीं, आणि आंतला गंज तर लांबीखालीं आपलें काम चालूच ठेवतो. गाडी विकत घेणाऱ्यास ही लबाडी ओळखण्याचें एक साधन शाळेच्या प्रयोगशाळेंतच आहे: लहानसा लोहचुंबक. तो कागदांत गुंडाळून गाडीवरून फिरवावा. पत्र्यावर तो ओढला जातो. जाड लांबीवर त्याची पकड सुटते. सपाटीचा अखेरचा बारीक फरक भरून काढण्यास लांबीचा पातळ हात देणें हें निंद्य नाहीं. पत्र्याच्या जागीं लांबी, हें निंद्य.

गंजलेला भाग कापण्यापूर्वीं दारांच्या चौकटींत लोखंडी नळ्या आडव्या जोडून गाडीस तात्पुरता आधार देतात, आणि एका वेळीं एकाच बाजूस हात घालतात. तसें न केल्यास गाडी मध्यें दबते व मग दारें कधींच नीट लागत नाहींत. कापावयाचें तें चांगला, चकचकीत धातु लागेपर्यंत; अर्धा कुजलेला कांठ राखून ठेवण्याचा मोह येथें उपयोगी नाहीं. मग पुठ्ठ्याचा नमुना घेतात. डावी बाजू समूळ गेली असेल तर उजव्या बाजूचा नमुना घेऊन तो उलटा करितात. आरशांतील प्रतिमेचा जो पाठ आपण प्रकाशाच्या प्रकरणांत शिकतों, तोच येथें कामास येतो. पत्रा बहुधा वीस गेजचा, म्हणजे सुमारें ०.९ मिलिमीटर जाड, घेतात. उंबरठ्यास अठरा गेजचा, सुमारें १.२ मिलिमीटरचा.

आतां मुख्य भाग. कागदाची सुरळी कोणीही करील. पण त्याच कागदानें चुणी न पडूं देतां चेंडू झांकून दाखवा! तें होत नाहीं. एकाच दिशेनें वळणारा पृष्ठभाग सपाट पत्र्यापासून नुसता वांकवून मिळतो. दोन्हीं दिशांनीं वळणारा मिळत नाहीं. गाडीचा चिखलपंखा, दिव्याभोंवतींची गोलाई, छपराचे कोपरे हे सारे दुसऱ्या प्रकारचे. त्यांसाठीं पत्र्याचा कांहीं भाग ताणावा लागतो व कांहीं आकसावा लागतो. घरीं आई भाकरी थापते तें आठवा. तळहाताखालीं गोळा पातळ होतो आणि पसरतो. हातोड्याखालीं धातूही तसाच पसरतो. आतां पत्र्याचा मध्य तेवढा पसरला आणि कडा जागच्या जागीं राहिल्या, तर त्या मध्यानें जावें कोठें? तो वर उचलला जातो व घुमट तयार होतो. याकरितां वाळू गच्च भरलेल्या कातडी पिशवीवर पत्रा ठेवून लांकडी मोगरीनें ठोकतात. उलट कडा आकसावयाच्या असल्यास त्यांना लुगड्याच्या निऱ्यांसारख्या चुण्या पाडतात, आणि प्रत्येक चुणी पसरूं न देतां तिच्यांतच ठोकून जिरवितात. हें दुसरें काम पहिल्याहून पुष्कळ कठीण आहे. शेवटीं पत्रा दोन पोलादी चाकांमध्यें धरून पुढेंमागें फिरवितात. वरचें चाक सपाट, खालचें किंचित् फुगीर. त्यांच्या दाबानें ठोक्यांच्या खुणा जाऊन गोलाई एकसारखी होते.

ही विद्या आपल्याकडे नवी नाहीं. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत तांब्याच्या सपाट पत्र्यापासून घागरी व हंडे याच न्यायानें घडत आले आहेत. भांड्यावर ओळीनें चमकणारे जे ठोके दिसतात, त्यांस मठारकाम म्हणतात. तें केवळ शोभेसाठीं नसतें. ठोकल्यानें धातु कठीण होतो, व पातळ भांड्यास बळकटी येते. पण हाच गुण घडवितांना आड येतो: फार ठोकलेला पत्रा पुढें वळत नाहीं, त्यास चीर जाते. तेव्हां तो लाल होईपर्यंत तापवून मऊ करावा लागतो. तांबें तापवून लगेच पाण्यांत बुडविलें तरी चालतें. पोलाद मात्र हवेंत आपोआप निवूं द्यावें.

घडलेला पत्रा जोडतांना उष्णतेचा पाठ पुन्हा समोर येतो. सांधा तापला कीं पसरतो, निवला कीं मूळच्याहूनही आकसतो, आणि शेजारचा पत्रा ओढून त्यास लाटा आणतो. म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्डिंग करीत नाहींत. आधीं लांब लांब ठिपके देतात. एक ठिपका या टोकास, दुसरा त्या टोकास, मध्यें निवण्यास वेळ. मग मागून लोखंडी ठोकळ्याचा आधार देऊन सांध्यावर हलका हातोडा मारितात, म्हणजे आकसलेला धातु पुन्हा पसरतो. दोन पत्रे एकावर एक चढवून जोडणें सोपें. परंतु त्या फटींत पाणी राहतें, म्हणून दिसणाऱ्या भागीं कडेस कड भिडवून जोडणें उत्तम. सपाटी डोळ्यांपेक्षां बोटांस अधिक चांगली कळते. अनुभवी डेंटर डोळे मिटून तळहात फिरवितो व केंसाएवढा खळगा सांगतो.

एक प्रश्न विचारी वाचकाच्या मनांत आतांपर्यंत आलाच असेल. इतके पत्रे बदलल्यावर ती गाडी तीच राहिली काय? हा प्रश्न आतां कायद्याचाही आहे. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें केलेल्या नियमांप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी असलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदतां येते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क आहे, नोंदणी दहा वर्षें टिकते, व क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. मात्र गाडी मूळ स्वरूपांत असली पाहिजे. चासी, बॉडी किंवा यंत्र यांत फेरबदल करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी. आमच्या मतें, कुजलेल्या पत्र्याच्या जागीं त्याच जाडीचा, त्याच आकाराचा पत्रा त्याच सांध्यावर बसविणें हा फेरबदल नव्हे, डागडुजी आहे. गाडीचें रूपच पालटणें हा फेरबदल. पण सीमारेषा नाजूक आहे खरी. म्हणून जाणता कारागीर शक्य तितकें जुनें राखतो, प्रत्येक टप्प्याचीं छायाचित्रें घेतो, आणि कापलेले तुकडे काम संपेपर्यंत भंगारांत देत नाहीं.

रंग देण्यापूर्वीं नव्या पत्र्यास जस्तयुक्त अस्तर देतात. जस्त स्वतः झिजून लोखंडास वांचवितें. उंबरठ्याच्या पोकळींत पातळ केलेलें मेण फवारतात, कारण तेथें कुंचला पोंचत नाहीं. राहिलीं तीं दारांच्या तळचीं भोंकें. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वीं एक बारीक तार घालून तीं मोकळीं करावीं. हें काम घरांतील दहा वर्षांच्या मुलासही करितां येतें.