ढकलतो तोच खरा चुंबक

झरी जामणी

चि. बेटा,


जुन्या स्पीकरमधली दोन चुंबकी कडी एका बाजूने फटकन चिकटतात आणि एक उलटं केलं की हातातून निसटू पाहतात, हे तू नीट पाहिलंस. या कड्यांचे ध्रुव सपाट बाजूंवर असतात, एकीकडे उत्तर, दुसरीकडे दक्षिण. सजातीय ध्रुव एकमेकांना ढकलतात, विजातीय ओढतात, हे पुस्तकातच आहे. पण पाठ करून तिथे थांबू नकोस.

प्रत्येक चुंबकाला दोन्ही ध्रुव असतात. तोडला तरी तुकड्यांना पुन्हा दोन-दोन. म्हणजे दोन चुंबक समोर आले की ओढण्याच्या दोन जोड्या आणि ढकलण्याच्या दोन जोड्या एकाच वेळी काम करतात. अंतर वाढलं की बळ झपाट्याने उतरतं, म्हणून जवळच्या ध्रुवांचं चालतं. छोटे चुंबक आपल्या आकाराच्या मानाने एकमेकांपासून लांब असतील, तर अंतर दुप्पट केल्यावर बळ सोळाव्या हिश्शाच्या आसपास उरतं. लांबून काहीच जाणवत नाही आणि जवळ नेताच एकदम झडप, ती यामुळेच.

आता तुझ्या मैत्रिणीकडचा तो धातूचा तुकडा. चुंबकाला दोन्ही टोकांनी चिकटतो म्हणून ती त्यालाही चुंबक म्हणते. मला ते पटत नाही. चुंबक जवळ आला की साध्या खिळ्याच्याही जवळच्या टोकाला विरुद्ध ध्रुव तयार होतो. चुंबक फिरवला की खिळ्यातले ध्रुवही फिरतात. म्हणून खिळा नेहमी ओढलाच जातो. ढकलतो तो मात्र स्वतःचे ध्रुव असलेला. तेव्हा चिकटण्यावरून निकाल देऊ नकोस, ढकलण्याची वाट पाहा.

कडं दोऱ्याने उभं टांगलंस, तर त्याच्या सपाट बाजू उत्तर-दक्षिणेकडे तोंड करतील. पण लोखंडी पलंग, कपाट, मोबाइल दूर ठेव. ही काळजी किती घ्यावी, ते अलिबागकडून शिकावं. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४० च्या दशकापासून होत होत्या. ट्राम विजेवर चालवायचं ठरलं, तेव्हा त्या प्रवाहाने मोजमापं बिघडणार हे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं. १९०४ मध्ये अलिबागला लोखंड टाळून बांधलेली नवी वेधशाळा सुरू झाली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे बरोबरीने नोंदी घेतल्या, जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ बसावा म्हणून! ही दोन वर्षांची चिकाटी मला फार मोठी वाटते. तूही वहीत तारीख, जागा आणि जवळ काय होतं ते लिहीत जा.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. हल्ली मिळणारे चकचकीत, टिकलीएवढे चुंबक धाकट्याच्या हाती पडू देऊ नकोस. दोन गिळले गेले तर आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढतात, मधली आतड्याची भिंत चेपते, भोक पडतं. असं झाल्याचा नुसता संशय आला तरी थांबू नये, तडक दवाखाना गाठावा.

दिवाळीला आलीस की पैनगंगेच्या वाळूत चुंबक फिरवू, काळे कण चिकटतील. येताना प्लॅस्टिकची पिशवी आण. चुंबक तिच्यात घालूनच वाळूत घालायचा, म्हणजे तो पिशवीतून काढताच कण झटकन सुटतात.

तुझा
मामा