हेमंतातील समुद्रतट-प्रवास : देश-कालविचार व पथ्ययोजना

प्रस्तावना

मार्गशीर्ष-पौष हा गोव्याच्या प्रवासाचा ऐन हंगाम. ३ डिसेंबरचे जुन्या गोव्यातील फेस्त, नाताळ व नववर्ष यांमुळे पणजीत गर्दी उसळते. बेंबळी परिसरातील कुटुंबेही आता सोलापूर-कोल्हापूर मार्गे एका रात्रीत तेथे पोहोचतात. परतल्यावर त्यांतील काही जण अम्लपित्त, अतिसार, भोवळ, प्रतिश्याय अशा तक्रारी घेऊन चिकित्सालयात येतात. ‘पाणी बाधले’ म्हणून हा विषय सोडून देणे योग्य नव्हे.

शास्त्रविचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय ६) हेमंतातील अग्निबलाचे कारण स्पष्ट केले आहे. बाह्य शीतामुळे शरीरोष्मा आत कोंडतो व अग्नी प्रबळ होतो. म्हणून गुरू, स्निग्ध, अम्ल-लवण आहार विहित आहे. येथे हेतू शीत आहे, पंचांगातील महिना नव्हे.

धाराशिवचे पठार जांगलप्राय, रूक्ष व वातभूयिष्ठ. डिसेंबरची पहाट बोचरी. पणजीचा किनारा आनूप. त्याच महिन्यात दुपारचे तापमान ३२ अंशांच्या आसपास असते आणि दमट हवेत घाम लवकर सुकत नाही. जेथे शीतच नाही, तेथे हेमंतचर्येचा हेतूही उरत नाही. वाग्भटाचार्यांनी ऋतुसंधीचे मागील ७ व पुढील ७ असे १४ दिवस मानून पूर्वचर्या क्रमाने सोडण्यास सांगितले. प्रवाशाला मिळते ती एकच रात्र. परतताना तोच आघात उलट दिशेने होतो.

रुग्णानुभव

साठीतील एक शेतकरी. रक्तदाबासाठी आधुनिक मूत्रल औषध चालू. संधिगत वातासाठी मी लसूणसिद्ध दूध व मेथी-डिंकाचे लाडू अशी योजना दिली. प्रवासाची विचारणा केली नाही. गोव्यात तिसऱ्या दिवशी भर दुपारी वाळूत चालताना भोवळ येऊन ते कोसळले. सोबतच्यांनी त्वरित रुग्णालयात नेले म्हणून निभावले. शरीरातील जलांश घटल्याचे निदान झाले. येथल्या थंडीत योग्य असलेली योजना तेथे अयोग्य ठरली, आणि न विचारण्याची चूक माझी होती.

योजना

१) निघण्यापूर्वी ४ दिवस लाडू व गुरू आहार पादांशिक क्रमाने, म्हणजे चतुर्थांशाने, कमी करावा.

२) तेथे ११ ते ४ ऊन टाळावे. पेज, भात असा लघु आहार घ्यावा. पाणी थोडे थोडे, वारंवार प्यावे. सोलकढी नारळामुळे गुरू, म्हणून मात्रेतच घ्यावी. माशांच्या जेवणावर दूध वा आइस्क्रीम घेणे हे विरुद्धाशन होय.

३) रक्तदाब, मधुमेह वा मूत्रल औषधे चालू असलेल्यांनी मूळ चिकित्सकाचा सल्ला घेऊनच निघावे, औषध परस्पर बंद करू नये. भोवळ, भ्रम वा मूत्राल्पता दिसल्यास घरगुती उपचारात वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

४) परतीच्या रात्री घाट चढताना कान-छाती झाकावी. घरी आल्यावर अग्नी पाहूनच हेमंतचर्या पुन्हा क्रमाने सुरू करावी. ज्वर वा अजीर्ण असता अभ्यंग वर्ज्य.

औषधालयचालकांसाठी

क्षार-लवणयुक्त चूर्णे दमट हवेत ओलावतात, गुग्गुळाच्या वट्या चिकटतात. प्रवाशांस कागदी पुड्या न देता घट्ट झाकणाच्या लहान बाटल्यांत मोजकी मात्रा द्यावी. उन्हात उभ्या गाडीत औषधे ठेवू नयेत, हेही सांगावे.

निष्कर्ष

दशविध परीक्षा आपण जाणतोच. हेमंतात केसपेपरवर आणखी एक ओळ असावी : ‘येत्या पंधरवड्यात कोठे जाणार?’ या एका प्रश्नाने वरील रुग्णाचे पडणे टळले असते.